शेवटचं प्रकरण शिवून टाका

बाई चक्रम होत्या. हे माझं एकट्याचं मत नाही, सगळी कसबा पेठ तसंच म्हणायची. लोक पाठीमागे म्हणायचे, मी तोंडावर म्हणायचो. त्यावर त्या म्हणायच्या, "चक्रम तर चक्रम. पुस्तकं सोमवारी मिळतील ना?"

आता बाई नाहीत आणि आमची हीसुद्धा नाही. मुलगा-सून सकाळी खराडीला कामाला जातात ते अंधार पडल्यावर येतात. दिवसभर घरात मी आणि पंखा. पंख्याशी किती बोलणार, म्हणून लिहायला बसलोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन बघायचं असेल त्याने दुसरं काहीतरी वाचावं.

माझं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली आणि तिच्यासमोर गल्ली. गल्ली एवढी अरुंद की समोरून सायकल आली की आपण दुकानाच्या पायरीवर चढायचं. गल्लीच्या पलीकडे मराठी शाळा. सातवीच्या वर्गाची खिडकी बरोबर माझ्या दारासमोर. मी आत पुठ्ठे कापायचो, खळ लावायचो. ही दारात बसून छापील कागदांच्या घड्या घालायची. हजारो पानांच्या घड्या घातल्या हिने, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं. आणि दिवसभर समोरच्या खिडकीतून बाईंचा आवाज. तो आवाज म्हणजे सरळ अंगावर यायचा. आमच्याकडे रेडिओ होता, तो आम्ही शाळा सुटल्यावर लावायचो.

बाई अंगाने काटकुळ्या. सुती पातळ, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि हातात बारा महिने काळी छत्री. ती छत्री त्यांनी कधी उघडली नाही. पाऊस आला तर त्या कुणाच्या तरी ओट्यावर उभ्या राहायच्या, पण छत्री मिटलेलीच. वर्गात मात्र तिला फार कामं. ती कधी भाला व्हायची, कधी गढीच्या दाराचा अडसर, आणि कधी नुसतीच एखाद्याच्या डोक्यावर टेकायची.

त्यांच्याकडे एक पुस्तक होतं. मुलांची कादंबरी, जुन्या काळची, राजे आणि देशमुख होते तेव्हाची. अभ्यासाला नव्हतं ते. आठवड्यातून एक तास अवांतर वाचनाचा असायचा, त्यात बाई वर्षानुवर्षं तेच पुस्तक शिकवायच्या. शाळेच्या कपाटात वर्गाला पुरतील एवढ्या प्रती होत्या. पोरं त्या फाडायची आणि मे महिन्यात त्या माझ्याकडे दुरुस्तीला यायच्या.

पहिल्यांदा आल्या तेव्हाच त्यांनी सांगितलं, "शेवटचं प्रकरण शिवून टाका."

"सुटलंय का?"

"सुटलेलं नाही. बंद करायचंय. कडेने दोरा घाला, पान उघडता येता कामा नये."

मी म्हटलं, "अहो बाई, पुस्तक उघडावं म्हणून बांधतात. बंद करायला कुलूप आणा."

"कुलूप मुलं फोडतात. दोरा कापला की दिसतो. तुम्ही शिवा, अक्कल मी पुरवते."

मी शिवलं. दरवर्षी शिवलं. आत काय आहे ते मी कधी वाचलं नाही. मी पुस्तकं बांधतो. हलवाई काय जिलब्या खात बसतो?

पण हिने ते पुस्तक ऐकलं होतं. दर वर्षी, पहिल्या पानापासून, दारात बसून.

गोष्ट थोडक्यात अशी. रखमी नावाची कुणब्याची पोर. तिच्या बापाला देशमुखाने गढीची भिंत बांधायला वेठीला धरून नेलेलं असतं. भिंत पुरी झाली की सोडतो म्हणतो. भिंत काही पुरी होत नाही, एका बाजूने बांधली की दुसऱ्या बाजूने ढासळते. शेवटी रखमी फडक्यात भाकरी बांधून एकटी निघते, दोन डोंगर ओलांडते आणि गढीच्या दारात येऊन उभी राहते. दारावर हात मारते. आतून अडसर काढल्याचा आवाज येतो.

तिथे बाई पुस्तक मिटायच्या. पुढचं माझ्या दोऱ्यात.

मग त्या पोरांना म्हणायच्या, "आता आपण सांगा. पुढे काय झालं?" एकेकाने उभं राहून आपला शेवट सांगायचा. कुणी देशमुखाला मारायचं, कुणी गढीला आग लावायचं, एक जण तर हेलिकॉप्टर घेऊन आला होता. बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "बसा." वर्षातून एखाद्याला म्हणायच्या, "बसा. पटलं." त्या 'पटलं'साठी पोरं जीव टाकायची. खरा शेवट मात्र त्यांनी कधी कुणाला वाचून दाखवला नाही.

त्यांची शिकवायची पद्धतही जगावेगळी. पुस्तक सुरू करायच्या दिवशी पितळी फुलपात्रात चिठ्ठ्या टाकायच्या. एक देशमुख, एक पाटील, एक कुलकर्णी, दोन-चार सुतार-कुंभार, बाकी सगळे कुणबी. ज्याला जे निघेल ते त्याने पुस्तक संपेपर्यंत निभावायचं. भटाच्या पोराला कुंभार निघायचं, तेल्याच्या पोरीला देशमुख. कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "चिठ्ठीला आपलं आडनाव माहीत नाही." आणि सगळ्या पोरांना अहो-जाहो करायच्या. "अहो देशमुख, नाक पुसा." "कुलकर्णी, आपली चड्डी मागून उसवली आहे, सरकारात कळवा." आम्ही दारात बसून हसून हसून बेजार.

माझा मुलगा सातवीत गेला तेव्हा त्याला देशमुख निघाला. घरी आला तो छाती काढूनच. दुसऱ्या दिवसापासून जेवेना. आई वाढतेय, हा ताट सरकवतोय. चौथ्या दिवशी ओकला. हिने त्याला धरून विचारलं तेव्हा कळलं. बाईंचा नियम होता, मधल्या सुट्टीत प्रत्येक कुणब्याने डब्यातला एक घास देशमुखाला सारा म्हणून द्यायचा आणि देशमुखाने तो खायचा. नाही म्हणायची सोय नाही. वर्गात तेव्हा पन्नास-साठ पोरं.

मी तरातरा पलीकडे गेलो. "बाई, पोरगं मारता का?"

"पोटं किती आहेत त्याला?"

"एकच."

"ते देशमुखाला कळलं का, एवढं विचारून या. कळलं असेल तर उद्यापासून सारा माफ."

मी घरी येऊन विचारलं. तो म्हणाला, "कळलं." मला वाटतं त्याला खरंच कळलं होतं. आज तो कंपनीत बारा-पंधरा माणसांवर साहेब आहे, पण जेवताना दुसऱ्याच्या डब्यात हात घालत नाही.

पुढे दिवस बदलले. पेठेतली माणसं पोरांना इंग्रजी शाळेत घालायला लागली. सातवीचा वर्ग अर्धा झाला, मग पाव झाला. एकदा एक बाप तणतणत आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचा पट्टा, पट्ट्याला फोटो. आमच्या दारासमोरच त्याने बाईंना गाठलं.

"मॅडम, माझ्या मुलाला तुम्ही वेठबिगार केलंय. त्याचा कॉन्फिडन्स जातो."

बाईंनी छत्रीचं टोक त्याच्या पट्ट्यावर ठेवलं. "हे काय?"

"आयकार्ड."

"कुणी घातलं?"

"कंपनीने."

"काढता कधी?"

"घरी गेल्यावर."

"आणि घरी कधी जाता?"

त्याचा हात पट्ट्याकडे गेला. बाई म्हणाल्या, "मुलगा तुमचा हुशार आहे. आठवड्यात वेठ म्हणजे काय ते त्याला समजलं. आपण वर्गात येऊन बसा, आपल्यालाही जमेल."

मग शाळेत कॉम्प्युटर आले. त्यांना खालची खोली लागली, गार आणि कोरडी. बाईंचा वर्ग वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला गेला. आमच्या समोरच्या खिडकीला काच बसली, पडदा लागला. पोरं बाहेर चपला काढून आत जायची. बाई जाता जाता बोलल्या, "देवळात घंटा तरी असते."

मला काही फरक पडला नाही. पण ही दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी हातातली घडी टाकून उठली आणि जिन्याखाली बाईंना आडवी गेली.

"बाई, वर गेल्यापासून मला काय ऐकू येत न्हाई."

"तुम्हाला कशाला ऐकू यायला हवं?"

"रखमीचं. औंदा डोंगराच्या अलीकडंच ऱ्हायलं."

बाईंना हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं समोर दारात बसून कुणीतरी वर्ग ऐकतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या हिच्याकडे बघत राहिल्या, मग विचारलं, "किती वर्षं ऐकताय?"

"पोरगं कडंवर व्हतं तवापासून."

पुढच्या आठवड्यापासून तो एक तास शाळेच्या पुढच्या पायऱ्यांवर भरायला लागला, गल्लीत तोंड करून. मुख्याध्यापकांनी विचारलं तर म्हणाल्या, "वर्गातली एक विद्यार्थिनी वर चढू शकत नाही." खोटं काय होतं त्यात?

तेव्हापासून दोघींची ओळख झाली आणि भांडणही सुरू झालं. दर वर्षी पुस्तक मिटलं की ही गल्ली ओलांडून जायची. "बाई, आता तरी सांगा, रखमीचा बाप सुटला का?"

"वर्गाला जो नियम तो तुम्हाला. आपला शेवट आपण सांगायचा."

"मला सांगता येत न्हाई. मला ऐकायचाय."

"मग पुढच्या वर्षी या."

एकदा मी हिला म्हटलं, "अगं, प्रती आपल्याच घरात पडल्यात. दोरा कापतो, मी वाचून दाखवतो."

"तुम्ही वाचाल तवर रखमी म्हातारी हुईल," ती म्हणाली. "आन बाईंनी बंद केलंय. त्यांच्याच तोंडनं ऐकीन."

हिला एवढं काय लागून राहिलं होतं ते मला माहीत होतं. हिचा बाप सालगडी होता, वाघोलीच्या पुढे एका मोठ्या शेतकऱ्याकडे. साल संपलं की नवं साल सुरू व्हायचं. ही लहानपणी रोज भाकरी घेऊन बांधावर जायची. एक दिवस भाकरी घेऊन गेली तर मालकाच्या गोठ्याशी माणसं जमलेली. बाप जागच्या जागी गेला होता. भाकरी हातातच राहिली. ती भाकरी मग कुत्र्याला घातली, असं तिने मला लग्नानंतर एकदा सांगितलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. बाईंना तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मग बाई निवृत्त झाल्या. माझंही दुकान बसलं. दुरुस्तीला पुस्तक आणणारं कोण उरलं? मुलाने वाघोलीला फ्लॅट घेतला, आम्हाला घेऊन गेला. सातवा मजला. ही गॅलरीत उभी राहायची आणि खाली बोट दाखवायची, "इथं समदी ज्वारी व्हती." खाली सगळ्या मोटारी.

तिथेच हिचं दुखणं निघालं. पोटाचं होतं. डॉक्टरांनी मुलाला इंग्रजीत सांगितलं, मला मराठीत सांगायची गरज पडली नाही. घरी आणलं. जेवण सुटलं. मी म्हटलं, काय हवं ते सांग. साडी नको, देव नको, बहीण नको. म्हणाली, "बाईंना इचारा, औंदा तरी सांगतील का."

मी बस पकडून कसब्यात गेलो. बाई एका खोलीत एकट्या राहत होत्या. बूट तेच, दाराशी छत्री तीच. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

मग म्हणाल्या, "तो शेवट भिकार आहे हो."

"म्हणजे?"

"रखमी दार वाजवते, आणि नेमका तेव्हाच राजा येतो. घोड्यावरून. शिकारीला निघालेला असतो म्हणे. देशमुखाला शिक्षा, सगळ्यांना सोडलं, जयजयकार, समाप्त. लिहिणाऱ्याला घाई झाली असणार. मी पहिल्या वर्षी वाचला वर्गात, तुमचं दुकान यायच्या आधी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली. राजा येत नसतो. कुणाच्याच दारात येत नाही. दोन डोंगर ती पोर ओलांडते आणि काम राजा करतो? म्हणून शिवून टाकलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि आता तुमच्या बायकोला मी ते वाचून दाखवू? आत्ता? या वेळी?"

मी म्हटलं, "बाई, ती जायला निघाली आहे. राजा येऊ दे नाहीतर गाढव येऊ दे. तुम्ही वाचा."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मुलगा गाडी पाठवतो म्हणाला, तर "मला पाय आहेत," म्हणून फोन ठेवला. बसने आल्या. सोसायटीच्या दारात वॉचमनने अडवलं. नाव काय, फ्लॅट नंबर काय, मोबाईल नंबर काय. बाईंकडे मोबाईल नव्हता. मी खाली गेलो तेव्हा त्या फडक्यात बांधलेलं पुस्तक छातीशी धरून उभ्या होत्या आणि वॉचमनला सांगत होत्या, "अहो, माझ्याकडे तलवार नाही. आत सोडा."

वर आल्या. हिच्या खाटेशी खुर्ची ओढली. "काय विद्यार्थिनी? शाळा बुडवता?"

ही हसली. किती तरी दिवसांनी.

बाईंनी पुस्तक माझ्याकडे दिलं. दोरा माझाच होता, माझा टाका मी ओळखतो. ब्लेडने कापला. पानं इतक्या वर्षांनी उघडत होती, आतून नवी करकरीत.

बाईंनी डोंगरापासून सुरुवात केली. आवाज तोच. शेजारच्या फ्लॅटमधली बाई बेल वाजवून विचारून गेली, टीव्ही जरा हळू कराल का. रखमी दारात आली, हात मारला, अडसराचा आवाज आला. तिथे बाई थांबल्या. सवयच ती. मग पान उलटलं.

पुढचं त्यांनी भराभर वाचलं, आवाज पाडून, औषध प्यायल्यासारखं तोंड करून.

"सावकाश वाचा की," ही म्हणाली.

बाई सावकाश वाचायला लागल्या. घोडा आला. राजा उतरला.

हिने डोळे उघडले. "राजा आला व्हय?"

"आला."

"बरं झालं. कुणीतरी यायलाच पायजे व्हतं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि शेवटपर्यंत वाचलं. देशमुखाला शिक्षा झाली, वेठीची माणसं सुटली, जयजयकार झाला.

"मग घरी कसे गेले?" हिने विचारलं.

"कोण?"

"रखमी आन तिचा बाप."

बाईंनी पान उलटलं. मागे कोरं होतं. "तेवढं लिहिलेलं नाही."

"मग भाकरीचं काय केलं?"

"तेही नाही."

मग ही म्हणाली, "मी सांगू का?"

बाई लगेच ताठ बसल्या. "सांगा."

ही मला म्हणाली, "मला उठवा." मी पाठीखाली हात घातला. अंगात काही उरलं नव्हतं, रिकाम्या पोत्याएवढंही वजन नव्हतं. वर्गात पोरं उभी राहून सांगायची, हिला उभं राहणं जमणार नव्हतं. माझ्या हातावर टेकून बसली.

"चालत गेले," ती म्हणाली. "राजा म्हणला, घोडा घ्या. बाप म्हणला, नगं, पोरगी हाय संगं. वाटंत हिरीवर बसले. तिनं फडकं सोडलं. भाकरी वाळली व्हती, पाण्यात बुडवली. बापानं कांदा फोडला बुक्कीनं. अर्धा तिला दिला. लई तिखट व्हता, तिच्या डोळ्यात पाणी आलं. बाप हसला. मग घरी गेले."

एवढं बोलून तिला दम लागला.

बाईंनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "बसा. पटलं."

ही माझ्या हातावर टेकून बसलेलीच होती. तशीच बसून राहिली, मान ताठ ठेवून, बाई खोलीतून जाईपर्यंत. मग झोपली. त्यानंतर आठवडाभर होती. पुन्हा काही मागितलं नाही.

मी बाईंना बसस्टॉपवर सोडायला गेलो. हायवेला गर्दी, बस काही येईना. मी विचारलं, "पुस्तक परत शिवून देऊ का?"

"नको. राहू दे तसंच." मग म्हणाल्या, "ती विहीर समजली मला, वाटेत असतेच. भाकरी पुस्तकात आहेच. पण तो कांदा कुठून आणला हो तिने?"

मी म्हटलं, "तिच्या बापाचा आहे. सालगडी होता, इथेच. ही रोज भाकरी न्यायची. तो कांद्याशिवाय जेवत नसे."

बाईंनी हातातली छत्री उघडायला घेतली. इतक्या वर्षांचा गंज, काड्या अडकलेल्या, दोनदा जोर लावावा लागला. उघडली आणि तोंडासमोर धरून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "बाई, ऊन नाही, पाऊस नाही."

"दिसतंय मला," त्या आतून म्हणाल्या. "बस आली की सांगा."